तबकडीचे शंभर फेरे

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठावर घणसोली नावाचे जुने गाव आहे. पूर्वेला पारसिकच्या डोंगराची रांग, पश्चिमेला खाडी आणि मधल्या सखल भूमीवर भातशेते व मिठागरे, असे या पट्टीतील गावांचे पूर्वीचे रूप होते. आगरी व कोळी लोकांची ही वस्ती. भात पिकवावा, मीठ पिकवावे, खाडीत जाळी टाकावीत आणि सणावारी मनसोक्त गावे-नाचावे, असा येथील जीवनक्रम. १९७० साली सिडकोची स्थापना झाली व पुढे नवी मुंबईची उभारणी सुरू झाली. शेतांवर रस्ते आले, मिठागरांच्या शेजारी इमारती उठल्या. १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. तरीही उंच इमारतींच्या वेढ्यात घणसोलीचे गावठाण आपल्या अरुंद गल्ल्या आणि खेटून बसलेली घरे घेऊन अजून नांदत आहे.

अशा गावठाणातील जुन्या घराचा माळा म्हणजे गेलेल्या काळाचे कोठारच होय. तेथे पितळेचा हंडा असतो, काच तडकलेला कंदील असतो, मोडकी जाळी असतात. आणि एखाद्या घरी जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेली एक चौकोनी पेटीही असते. झाकण उघडले की आत एक वाटोळी थाळी व तिच्या बाजूला सुई बसविलेला एक बाक दिलेला दांडा दिसतो. हे ध्वनिमुद्रिका वाजविण्याचे यंत्र. कोणी त्याला ग्रामोफोन म्हणत, कोणी फोनो म्हणत, आणि त्यावर वाजणाऱ्या काळ्या वाटोळ्या चकतीला बहुतेक जण तबकडी किंवा रेकॉर्ड म्हणत. लग्नाच्या मांडवात उंच खांबावर कर्णा बांधावा आणि दिवसभर तबकड्या लावाव्यात, ही महाराष्ट्रातील गावोगावची एकेकाळची हौस होती.

समजा, अशाच एका घरी बऱ्याच वर्षांनी ही पेटी खाली काढली. धूळ पुसली, तबकडी ठेवली, थाळी फिरू लागली. पण गाणे काही नीट येईना. आवाज जड, दमल्यासारखा, ओढून काढल्यासारखा. नात आजोबांना विचारते, “आजोबा, हे गाणारे आजारी होते का हो?” आजोबा क्षणभर ऐकतात आणि मान हलवितात. “नाही ग बाळ. गाणे तेच आहे, पण गाणारा हा तो नव्हे.”

आजोबांचे हे बोलणे अक्षरशः खरे आहे. ते खरे कसे, आणि त्या तबकडीतून मूळचा गायक पुन्हा कसा मिळवावा, हे या पाठात आपण पाहू.

वेग आणि सूर

तबकडीवर एक बारीक चर असते. ती बाहेरच्या कडेपासून सुरू होऊन वळत वळत आत जाते. या चरीच्या भिंती सरळ नसतात. त्यांत सूक्ष्म नागमोडी वळणे असतात. गायकाच्या आवाजाने हवेत जी कंपने उठली त्यांचीच ही वळणे. तबकडी फिरू लागली की सुई या वळणांवरून धावते, कंप पावते, आणि त्या कंपनांचा पुन्हा आवाज होतो.

आता असे पाहा. एका सेकंदात सुईखालून जितकी वळणे जातील तितकी कंपने उठणार. थाळी सावकाश फिरली तर वळणे कमी जातील, कंपने कमी होतील आणि सूर खाली उतरेल. थाळी वेगाने फिरली तर सूर वर चढेल. म्हणजे या यंत्रात वेग आणि सूर या दोन निराळ्या गोष्टी नाहीतच. वेग चुकला की सूर चुकलाच. लयही त्याच प्रमाणात बदलते. गाणारा पुरुष असेल तर तो म्हातारा वाटू लागतो; वेग वाढला तर तोच लहान मुलासारखा चिरका ऐकू येतो.

किती फरक पडला म्हणजे किती सूर ढळतो, याचा हिशेब सोपा आहे. पेटीवर काळी एक आणि तिच्या शेजारची पांढरी एक यांच्या कंपनसंख्यांत सुमारे शेकडा सहाचा फरक असतो. मिनिटाला ७८ फेरे घ्यावयाची तबकडी जर साडेत्र्याहत्तरच फेरे घेऊ लागली, तर काळी एक या पट्टीत गायिलेले गाणे पांढरी एकमध्ये ऐकू येईल. तीन मिनिटे वीस सेकंदांचे गाणे सुमारे बारा सेकंद लांबेल. ऐकणाऱ्याला वाटेल की गायकानेच असे गायिले. अशी तबकडी ऐकून कोणी गाणे शिकू लागला, तर गुरूचा गळाही चुकीचा आणि लयही चुकीची, असे दुहेरी अज्ञान त्याच्या पदरी पडेल.

वेग ठरले कसे?

आवाज नोंदवून पुन्हा ऐकविणारे यंत्र अमेरिकेत टॉमस एडिसनने १८७७ साली तयार केले. त्यात तबकडी नव्हती. कथलाच्या पातळ पत्र्याने मढविलेला नळकांड्यासारखा दंडगोल होता. सपाट चकतीवर आवाज नोंदविण्याची युक्ती एमिल बर्लिनर याने १८८७ साली पुढे आणली. त्याची आरंभीची यंत्रे हाताने फिरवावी लागत. ज्याचा हात जसा चालेल तसे गाणे वाजे!

आपल्या देशात फ्रेड गाइसबर्ग हा ध्वनिमुद्रक १९०२ साली आला. त्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात कलकत्त्यास त्याने गौहर जान या प्रसिद्ध गायिकेचे गाणे नोंदवून घेतले. तबकडीची एक बाजू अवघी तीन मिनिटांची. जे गाणे मैफलीत तासभर चालावयाचे ते तीन मिनिटांत बसवावयाचे, हे कौशल्याचे काम होते. ते गौहर जानने उत्तम साधले आणि गाण्याच्या शेवटी आपले नावही इंग्रजीत उच्चारून ठेवले. ज्यांनी तिला कधी पाहिले नाही असे हजारो लोक त्यामुळे तिला ओळखू लागले.

त्या काळी तबकड्यांचा वेग एक नव्हता. कोणी मिनिटाला सत्तर फेऱ्यांवर नोंदवी, कोणी ऐंशीच्याही वर. १९२५ च्या सुमारास विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले, आणि त्यानंतर मिनिटाला ७८ फेरे हा वेग बहुतेक ठिकाणी रूढ झाला. या तबकड्या मुख्यतः लाखेपासून बनत. ती लाख जगाला प्रामुख्याने भारतातून मिळत असे. १९४८ साली अमेरिकेत मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांची लांब वाजणारी तबकडी निघाली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणे मावू लागले. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आली. काही यंत्रांवर १६ २/३ हा चौथा वेगही असतो. भारतात ७८ च्या तबकड्या १९६० नंतरही निघत राहिल्या. म्हणून घरात सापडलेली तबकडी कोणत्या वेगाची आहे, हे तिच्या मधल्या कागदी वर्तुळावर आधी वाचावे. पुष्कळदा यंत्रात काहीच बिघडलेले नसते. वेग बदलण्याची कळ तेवढी चुकीच्या आकड्यावर असते.

वेग मोजावा कसा?

दुरुस्तीचा पहिला नियम असा, की मोजल्यावाचून हात लावू नये. कान हा चांगला साक्षीदार आहे, परंतु तो नेमका आकडा सांगू शकत नाही. यंत्र पाच मिनिटे चालू ठेवावे म्हणजे ते सैलावेल. मग थाळीवर जुनी, खराब झालेली तबकडी ठेवून तिच्या कडेला पांढऱ्या कागदाचा लहानसा तुकडा चिकटवावा आणि सुई चरीत सोडावी. सुईशिवाय मोजू नये, कारण चरीत घासणारी सुई थाळीला किंचित रोखते आणि ते ओझेही हिशेबात धरले पाहिजे. आता हातात सेकंदकाट्याचे घड्याळ घ्यावे आणि ठरलेल्या खुणेपाशी कागद किती वेळा येतो ते मोजावे.

३३ १/३ या अपूर्णांकाला भिण्याचे कारण नाही. त्याची तिप्पट करा, बरोबर शंभर. म्हणजे लांब वाजणाऱ्या तबकडीने तीन मिनिटांत शंभर फेरे घेतले पाहिजेत. शंभरच्या ठिकाणी ९४ भरले तर वेग शेकडा सहा कमी, १०२ भरले तर शेकडा दोन जास्त. कमी पडलेला प्रत्येक फेरा म्हणजे शेकडा एकाची चूक. मोजणाराच उत्तर बोलून जातो. वेगळा भागाकार करावा लागत नाही.

याहून सूक्ष्म मोजणी प्रकाशाने करता येते. आपल्याकडील वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट वाहते, आणि निऑनचा लहान दिवा प्रत्येक आवर्तनात दोनदा चमकतो. म्हणजे तो सेकंदाला शंभर, मिनिटाला सहा हजार वेळा उजळतो. डोळ्यांना मात्र तो अखंड पेटलेला दिसतो. एका कागदी चकतीच्या कडेला समान अंतरावर १८० काळ्या रेघा आखल्या आणि ती थाळीवर ठेवली, तर ३३ १/३ या वेगाने दोन चमकांच्या मधल्या काळात थाळी नेमकी एका रेघेइतकी पुढे सरकते. पहिल्या रेघेच्या जागी दुसरी येते, आणि सगळ्या रेघा स्तब्ध उभ्या असल्यासारख्या दिसतात. ६,००० ला ३३ १/३ ने भागून पाहा. १८० हेच उत्तर येईल. ४५ साठी १३३ आणि ७८ साठी ७७ रेघा घेतात. येथे भाग पूर्ण जात नाही, पण राहिलेली चूक कानाला कळण्याइतकी नसते.

रेघा फिरण्याच्या दिशेने पुढे सरकताना दिसल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. एका मिनिटात साठ रेघा मागे गेल्या, तर चूक शेकडा एक. आजचे कित्येक एलईडी दिवे असे स्पष्ट लुकलुकत नाहीत. त्यांच्या उजेडात रेघा पुसट व अस्थिर दिसल्या तर दोष यंत्राला देऊ नये.

दोष कोठे आहे?

वैद्य जसा ताप किती, त्याबरोबर तो केव्हा चढतो व केव्हा उतरतो हेही विचारतो, तसेच येथे करावे. वेग सतत सारखाच कमी आहे, की हळूहळू कमी होत जातो, की वरखाली हेलकावतो? प्रत्येकाचे कारण निराळे.

सूर ठराविक काळाने वरखाली होत असेल तर तो काळ मोजावा. ३३ १/३ च्या तबकडीला एका फेऱ्यास १.८ सेकंद लागतात. हेलकावा दर १.८ सेकंदांनी येत असेल, तर दोष तबकडीत किंवा थाळीत आहे. बहुधा तबकडीचे मधले भोक बरोबर मध्यावर नसते. तेव्हा यंत्र उघडण्याची गरजच नाही. हेलकावा त्याहून पुष्कळ लवकर येत असेल, तर थाळीपेक्षा वेगाने फिरणारा एखादा भाग दोषी आहे. थाळीच्या आतल्या कडेचा व्यास २४ सेंटिमीटर आणि तिला फिरविणाऱ्या रबरी चाकाचा ४ सेंटिमीटर असेल, तर थाळीच्या एका फेऱ्यात ते चाक सहा फेरे घेते. अशा चाकाला एका बाजूने खळगा पडला असेल, तर १.८ भागिले ६, म्हणजे दर ०.३ सेकंदाला धक्का बसेल. अशा रीतीने न उघडताच आत काय झाले आहे याचा अंदाज बांधता येतो.

किल्लीचे यंत्र

वीज नसलेल्या गावांत किल्लीचे यंत्र चाले. किल्ली फिरविली की आत पोलादी पट्टीची कमान गुंडाळली जाते, आणि ती उलगडताना थाळीला फिरविते. परंतु कमान आरंभी जोरदार व शेवटी अशक्त असते. तरीही गाणे एकसारखे का वाजते? त्याचे श्रेय गव्हर्नर नावाच्या एका चिमुकल्या भागाला आहे. एका फिरत्या दांड्याभोवती बहुधा तीन लहान वजने पातळ पट्ट्यांवर बसविलेली असतात. दांडा वेगाने फिरू लागला की वजने बाहेर झेपावतात आणि एका चकतीला ओढून चामड्याच्या किंवा नमद्याच्या गादीवर टेकवितात. घर्षण होते आणि वेग आटोक्यात येतो. वेग कमी झाला की वजने आत येतात व गादी सुटते. वेगाची कळ फिरविणे म्हणजे ही गादी जवळ किंवा दूर सरकविणे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात धरावी. गव्हर्नर वेगाला रोखू शकतो. तो वेग वाढवू शकत नाही. म्हणून यंत्र फार वेगाने धावत असेल तर दोष गव्हर्नरात शोधावा. पण ते मंद चालत असेल आणि कळ पूर्ण सरकवूनही वेग येत नसेल, तर कमान थकली आहे किंवा चाकांत घर्षण वाढले आहे, असे समजावे. गाण्याच्या आरंभी सूर ठीक आणि शेवटी उतरलेला असेल, तर किल्ली पुरती दिली आहे की नाही हे आधी पाहावे. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रात जुने वंगण मेणासारखे घट्ट होते. ते पुसून काढून सांध्यांवर शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा एकेक थेंब द्यावा. गव्हर्नरच्या कोरड्या गादीलाही एक थेंब लागतो. नाहीतर ती करकरते आणि सूर कापरा होतो. कमानीचा डबा मात्र मुलांनी कधीही उघडू नये. गुंडाळलेली पोलादी कमान एकाएकी सुटली तर हाताला गंभीर इजा होते. ते काम जाणत्या कारागिराचेच.

विजेचे यंत्र

विजेच्या यंत्रात मोटार असते. मोटारीच्या दांड्यावर पायऱ्यापायऱ्यांची लहान कप्पी, कप्पीला टेकलेले रबरी चाक, आणि त्या चाकाला टेकलेली थाळीची आतली कड, अशी ही साखळी. काही यंत्रांत चाकाऐवजी रबरी पट्टा असतो. वेगाची कळ फिरविली की रबरी चाक कप्पीच्या निराळ्या पायरीवर जाऊन बसते. जाड पायरी म्हणजे जास्त वेग.

या साखळीत एक मजा आहे. मधल्या रबरी चाकाचा व्यास थोडा कमीजास्त झाला तरी थाळीचा वेग बदलत नाही. कारण कप्पीची कड जितक्या वेगाने सरकते तितक्याच वेगाने चाकाची कड व तितक्याच वेगाने थाळीची कड सरकते. चाक केवळ निरोप्या आहे. मात्र निरोप्या घसरला तर निरोप पोहोचत नाही. रबर जुने होऊन टणक व चकचकीत झाले, किंवा त्यावर तेल सांडले, की ते घसरू लागते आणि थाळी मंदावते. म्हणून रबरी चाक, कप्पी आणि थाळीची आतली कड स्वच्छ फडक्यावर थोडे स्पिरिट घेऊन पुसावी. रबराला तेल कधीही लावू नये. यंत्र बंद करताना कळ मधल्या रिकाम्या जागी आणून ठेवावी. नाहीतर चाक एकाच जागी दाबून राहते, त्याला खळगा पडतो, आणि पुढे प्रत्येक फेऱ्याला धक्का बसतो.

रबर स्वच्छ करूनही वेग आला नाही तर मोटार व थाळीचा मधला दांडा पाहावा. खाडीकाठच्या गावांत हवा दमट व खारट असते. पावसाळ्यात तर लोखंडावर तांबूस आणि पितळेवर हिरवट थर चढावयास वेळ लागत नाही. दांडा ज्या पितळी खोबणीत फिरतो तेथे हा थर व वाळलेले तेल मिळून चिकटा तयार होतो. थाळी उचलून दांडा पुसावा, खोबण स्वच्छ करावी आणि ताजे तेल द्यावे. मोटारीच्या दोन्ही टोकांना असाच एकेक थेंब पुरतो. हे करताना यंत्राची तार भिंतीतून काढलेली असावी आणि जवळ मोठे माणूस असावे. विजेच्या जोडण्यांना मुलांनी हात लावू नये.

क्वचित यंत्र निर्दोष असूनही मंद चालते, कारण ते परदेशातून आलेले असते. अमेरिकेत वीज सेकंदाला साठ आवर्तने घेते, आपल्याकडे पन्नास. तेथील यंत्राला आपली वीज योग्य दाबाने दिली तरी त्याची मोटार पाच-षष्ठांश वेगानेच फिरते. ७८ ची तबकडी ६५ फेरेच घेते. अशा यंत्राला कितीही तेल दिले तरी उपयोग नाही. त्याची कप्पीच बदलून एक-पंचमांशाने जाड घालावी लागते.

कप्पीवर चिकटपट्टीचा वेढा देऊन वेग वाढविण्याची एक युक्ती काही जण करतात. सुमारे पावणेसहा मिलिमीटर जाडीच्या कप्पीला दशांश मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा एक वेढा दिला, तर वेग शेकडा साडेतीनने वाढतो, हे खरे. परंतु मूळ दोष घसरणाऱ्या रबराचा किंवा वाळलेल्या तेलाचा असेल, तर तो तसाच राहतो, वाढत जातो, आणि थोड्याच दिवसांत आकडा पुन्हा चुकतो. वेगाच्या कळीचा स्क्रू पिळून दोष झाकणेही असेच. म्हणून क्रम लक्षात ठेवावा: प्रथम मोजणी, मग स्वच्छता, मग वंगण, मग रबराची तपासणी, आणि स्क्रू सर्वांत शेवटी. प्रत्येक पायरीनंतर पुन्हा तीन मिनिटे घड्याळ धरून फेरे मोजावेत, म्हणजे कशाने गुण आला ते कळते.

इतकी काटेकोरी कशासाठी?

कोणी म्हणेल, की गाणे ऐकू आले म्हणजे झाले. शेकडा पाचसहाने काय बिघडते? याचे उत्तर असे. मास्टर दीनानाथ मंगेशकर १९४२ साली निवर्तले, बालगंधर्व १९६७ साली. ज्यांनी त्यांना रंगभूमीवर ऐकले अशी माणसे आता फार विरळ. आपल्याला त्यांचा गळा ठाऊक आहे तो तबकड्यांमुळे. चित्रातील रंग उडाला तर आपल्याला ते दिसते. पण वेग ढळलेल्या तबकडीतला आवाज आपण निमूटपणे खरा मानतो, कारण ताडून पाहावयास दुसरे काही उरलेले नसते. जे बोलू शकत नाहीत त्यांच्या तोंडी भलते शब्द घालणे जसे अन्यायाचे, तसेच त्यांच्या गळ्यात भलता सूर घालणेही अन्यायाचे आहे.

या काटेकोरीचे एक अद्भुत उदाहरण आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन अंतराळयाने सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे. पृथ्वीवरील निरनिराळे आवाज व संगीत तीत नोंदविलेले आहे, आणि भारतातर्फे तीत गोव्यातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. अल्लादियाखाँ यांच्या त्या शिष्या. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले. त्याच महिन्याच्या १६ तारखेला मुंबईत केसरबाईंचे निधन झाले. त्या गेल्या आणि त्यांचा आवाज ताऱ्यांच्या वाटेला लागला. २०१२ साली ते यान सूर्याच्या वाऱ्याचे क्षेत्र ओलांडून पलीकडे गेले.

ही तबकडी मिनिटाला १६ २/३ फेऱ्यांनी वाजवावयाची आहे. पण ती कोणा दूरच्या बुद्धिमान प्राण्याला सापडलीच, तर त्याला आपले मिनिट आणि आपले सेकंद काय ठाऊक? शास्त्रज्ञांनी याचाही विचार केला. तबकडीच्या आवरणावर त्यांनी आकृतीने व द्विमान अंकांनी एका फेऱ्याचा काळ, म्हणजे ३.६ सेकंद, कोरून ठेवला; आणि तो मोजण्यासाठी मिनिट-सेकंद न घेता हायड्रोजनच्या अणूत घडणाऱ्या एका बदलाचा काळ माप म्हणून घेतला. हायड्रोजन विश्वात सर्वत्र सारखाच आहे. जो हे माप ओळखील त्याला वेग कळेल, आणि ज्याला वेग कळेल त्यालाच केसरबाईंचा खरा सूर ऐकू येईल.

इतक्या दूरच्या श्रोत्यासाठी जी काळजी घेतली गेली, ती आपल्या माळ्यावरील तबकडीसाठी घेणे काही कठीण नाही. त्यासाठी कागदाचा एक तुकडा, एक घड्याळ, तेलाचे चार थेंब आणि तीन मिनिटांचा धीर एवढे पुरे. थाळीने शंभर फेरे बरोबर घेतले, की आजोबा पुन्हा ऐकतील. आणि या वेळी त्यांना गाणाराही ओळखू येईल.

शब्दार्थ

मिठागर – खाडीचे पाणी आटवून मीठ पिकविण्याची जागा
गावठाण – गावातील मूळ वस्तीची जागा
नमदा – लोकर दाबून केलेले जाड कापड
कप्पी – दांड्यावर बसविलेले लहान चाक
द्विमान अंक – केवळ ० आणि १ यांनी संख्या लिहिण्याची पद्धत
निवर्तणे – मरण पावणे

स्वाध्याय

१. “गाणे तेच आहे, पण गाणारा हा तो नव्हे,” या आजोबांच्या उद्गाराचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

२. कारणे द्या :
(अ) वेग मोजताना सुई चरीत सोडलेली असावी.
(आ) रबरी चाकाला तेल लावू नये.
(इ) रबरी चाकाचा व्यास थोडा बदलला तरी थाळीचा वेग बदलत नाही.
(ई) किल्लीचे यंत्र मंद चालत असेल तर दोष गव्हर्नरात नसून अन्यत्र शोधावा.

३. एका थाळीने ३३ १/३ च्या वेगावर तीन मिनिटांत ९७ फेरे घेतले. वेग शेकडा कितीने कमी आहे? सूर वर चढेल की खाली उतरेल?

४. सेकंदाला साठ आवर्तने घेणाऱ्या विजेवर निऑनचा दिवा सेकंदाला १२० वेळा चमकतो. तेथे ३३ १/३ च्या वेगासाठी कागदी चकतीवर किती रेघा आखाव्या लागतील?

५. ‘चाक केवळ निरोप्या आहे’ या वाक्यात लेखकाने यंत्राच्या भागाला माणसाची उपमा दिली आहे. अशी आणखी एक उपमा पाठातून शोधून लिहा.

६. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत वापरा : पदरी पडणे, आटोक्यात येणे, गुण येणे, वाटेला लागणे.

७. तुमच्या घरात किंवा शेजारी एखादी जुनी वस्तू अजून वापरात असेल, तर ती कशी चालते आणि तिची निगा कशी राखतात हे वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.